गोल झाला, पण थांब जरा

परवा रात्री फुटबॉलच्या मॅचमध्ये आमच्या टीमनं गोल मारला आणि मी सोफ्यावरून उठलोच नाही. बायकोनं आतून विचारलं, गोल झाला ना? म्हणलं, हो, बहुतेक. बहुतेक म्हणजे काय? आता काय सांगायचं तिला. रेफरीचा हात कानाला गेला होता, म्हणजे व्हीएआर (व्हिडिओ असिस्टंट रेफरी) सुरू, आत खोलीत बसलेला रेफरी व्हिडिओ बघून गोल खरा की नाही ते याच्या कानात सांगणार, आणि एकदा का त्या माणसाचा हात कानाला गेला की आपला आनंद म्हणजे सरकारी ऑफिसातला अर्ज, आत गेलाय, साहेब बघतायत, तुम्ही बाकड्यावर बसा.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी या तिथल्या टीमची मॅच बघत मोठा झालो, तिथं बॉल जाळीत गेला की आधी बोंब आणि मग बाकीचं सगळं. रेफरी चुकला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, घरी जाईपर्यंत घसा बसलेला असायचा, पण तो बसलेला घसा आपल्या मालकीचा होता. पुढं लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचं वेड लागलं, अपरात्री उठून मॅच बघणं आलं, आणि 2019-20 च्या सीझनपासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर आलं.

खरं सांगायचं तर आधी मी व्हीएआरच्या बाजूचा. एप्रिल 2019, चॅम्पियन्स लीग, मँचेस्टर सिटी विरुद्ध स्पर्स (म्हणजे टॉटनहॅम), 93 व्या मिनिटाला सिटीच्या स्टर्लिंगनं गोल मारला, त्यांचा कोच गार्डिओला लहान पोरासारखा उड्या मारत पळत सुटला, अख्खं स्टेडियम वेडं झालं आणि मग स्क्रीनवर आलं की सिटीचाच अग्वेरो ऑफसाइड, म्हणजे पास निघाला तेव्हा समोरच्या बचावफळीच्या पुढं, म्हणून गोल रद्द. गार्डिओला तिथंच खाली बसला. मी रात्री अडीच वाजता तोंडावर उशी दाबून हसलो होतो. निर्णय बरोबरच होता की. दुसऱ्याच्या घरी चोरी झाली की आपल्याला पोलीस लई भारी वाटतात.

मग नोव्हेंबरात आमचा नंबर लागला. ॲस्टन व्हिलाविरुद्ध आमच्या फर्मिनोचा गोल गेला तो काखेपायी. ऑफसाइडमध्ये हात धरत नाहीत, हात सुरू होतो काखेच्या खालून, म्हणून काखेपर्यंत रेघ ओढायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं, इथं काखेतच गोल हरवला! तेव्हा डोक्यात हिशोब मांडला, टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेत असेल तर जोरात पळणारा माणूस दोन फ्रेमच्या मधे सहज 15 सेंटीमीटर पुढं सरकतो, म्हणजे पास नेमका कुठल्या फ्रेममध्ये निघाला हे ठरवतानाच एवढा फरक पडणार, आणि हे लोक त्यावर केसाएवढी रेघ मारून निकाल देणार. आता सेमी-ऑटोमॅटिक ऑफसाइड आलंय, रेघ कॉम्प्युटरच ओढतो, पटकन येते, ठीक आहे. पण थांबायला लागतंच.

आणि 30 सप्टेंबर 2023 तर मी विसरूच शकत नाही. शनिवार, आपल्याकडं रात्रीचे दहा, पुन्हा स्पर्स. आमचा एक गडी रेड कार्डनं आधीच बाहेर, तरी आमच्या डियाझनं गोल मारला, लाइन्समननं झेंडा वर केला, व्हीएआरवाल्यानं बघितलं, त्याला स्पष्ट दिसलं की ऑनसाइड आहे, पण त्याला वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून तो म्हणाला 'चेक कम्प्लीट'. इकडं रेफरीला वाटलं ऑफसाइड कायम. फ्री किक घेऊन खेळ सुरू. काही सेकंदांत त्या खोलीत सगळ्यांना कळलं की घोळ झालाय, पण एकदा खेळ सुरू झाला की मागं जाता येत नाही असा नियम! शेवटी आम्ही नऊ जण उरलो आणि 96 व्या मिनिटाला आमच्याच मॅटिपच्या पायाला लागून आमच्याच जाळीत बॉल, 2-1 नं हरलो. नंतर त्या खोलीतलं रेकॉर्डिंग बाहेर काढलं, ते मी तीनदा ऐकलं. कॅमेरा बरोबर, रेघ बरोबर, माणूस हुशार, आणि निकाल चूक. मैदानावरचा रेफरी चुकला असता तर त्याला शिव्या घातल्या असत्या आणि झोपलो असतो. इथं शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या, वायरला?

2024 मध्ये प्रीमियर लीगमधल्याच वुल्व्ह्ज क्लबनं ठराव मांडला, व्हीएआर बंद करा. बाकीचे 19 क्लब एका बाजूला आणि वुल्व्ह्ज एकटे. मला मत असतं तर मीही बहुतेक 19 वाल्यांतच गेलो असतो आणि घरी येऊन स्वतःवर चिडलो असतो. ऑफिसातला मित्र म्हणतो क्रिकेटला डीआरएस चालतं की. अरे क्रिकेट दर बॉलनंतर थांबतंच, आणि विकेट पडल्यावर ओरडलेलं कुणी परत मागत नाही... मागतात म्हणा, नो बॉल निघाला की. जाऊ दे.

काल संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीतली पोरं खेळत होती, चपलांचा गोलपोस्ट. बॉल चपलेवरून गेला, गोल की नाही यावरून भांडण. एका टिल्ल्यानं, रेफरी व्हीएआरसाठी काढतात तसा, दोन्ही बोटांनी हवेत चौकोन काढला, पळत वॉचमनच्या खुर्चीकडं गेला, समोरच्या कोऱ्या भिंतीकडं चांगला अर्धा मिनिट टक लावून बघितलं, परत आला आणि म्हणाला गोल. अर्थातच स्वतःच्या टीमचा. दुसरी टीम म्हणाली आम्हाला पण बघायचंय, आणि सगळीच्या सगळी भिंतीपुढं जाऊन उभी राहिली.