अण्णांची बाजू

रविवार, १९ जानेवारी २०२५. रात्रीचे साडेअकरा.

निबंध तिसऱ्यांदा मोडून पुन्हा लिहिला. डोळे चुरचुरतायत, पण झोप येत नाहीये. डोक्यात आहे तोवर इथं उतरवून ठेवते.

एस.वाय.ला अर्थशास्त्राच्या सरांनी युक्तिवादाचे निबंध लिहायला लावलेत. विषय आपण निवडायचा, एक बाजू घ्यायची आणि ती न पटणाऱ्याला पटवून द्यायची. दहावीपर्यंत निबंध म्हणजे वर सुविचार आणि खाली 'म्हणून आपण सर्वांनी' एवढंच मला माहीत होतं. मी विषय घेतला घरचाच. मराठवाड्यात उसावर बंदी घालावी.

पहिला खर्डा २०१६ पासून सुरू केला होता. तेव्हा मी लातूरला आत्याकडे शिकायला होते. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. भांडी विसळलेलं पाणी आत्या निळ्या टबात साठवायची, आणि तो टब कलंडला म्हणून मी एकदा मार खाल्ला होता. हे सगळं जीव ओतून लिहिलं. सरांनी पेन्सिलीनं शेरा दिला, 'वाचून पोटात कालवलं. पण पटलं नाही.'

तेव्हा फार लागलं होतं. मग त्यांनी शेजारी बसवून एकेक ओळ वाचायला लावली. 'साहजिकच', 'निःसंशय', 'कुणीही मान्य करेल' अशा सात शब्दांना त्यांनी गोल केले होते. म्हणाले, 'प्रत्येक गोलाखाली कारण असायला हवं होतं. कारण सापडलं नाही, म्हणून तू तिथं हा शब्द ठेवलास.' मी पुन्हा तपासलं. सातही ठिकाणी खरंच तसं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लातूरला पाणी येतं ते धनेगावच्या मांजरा धरणातून, आणि ते धरण आटलं होतं. बरोबर. पण २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. मग आटण्यात पावसाचा वाटा किती आणि उसाचा किती? मी लिहिलं होतं, 'धरण कोरडं पडलं आणि शेजारी ऊस उभा होता.' दोन वाक्यं शेजारी ठेवली की वाचणारा आपोआप जोडतो. पण ते जोडणं म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय आमचा ऊस बोअरवर आहे. धरणाबद्दल मी कितीही लिहिलं तरी ते आमच्या शेताला लागूच पडत नाही!

सर म्हणाले, 'आपल्याकडं वादाची जुनी रीत आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की समोरच्यानं म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. मग उत्तरपक्ष. तुझ्या निबंधात समोरचा कोण आहे?'

समोर अण्णा होते, माझे वडील. मी त्यांना 'पाण्याची उधळपट्टी करणारे शेतकरी' एवढ्या चार शब्दांत गुंडाळलं होतं.

शनिवारी फोन लावला. वाद न घालता नुसतं विचारलं, 'अण्णा, तुम्ही ऊसच का लावता?' अण्णा आधी हसले. मग सावकाश सांगायला लागले. 'अगं, सोयाबीन काढणीला आलं की पाऊस येतोय. ढिगाला मोड फुटतेत. ऊस भिजला तरी ऊसच राहतोय. एकदा लावला की तोडल्यावर बुडख्यातनं पुन्हा फुटतोय, खोडवा निघतोय, दर साली बियाण्याचा खर्च नाही. आणि ऊस घेऊन मला बाजारात बसावं लागत नाही.'

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि आकडे शोधले. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायलाच हवा असा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर) क्विंटलमागे ३४० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे खरं. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते दरवेळी वेळेवर मिळतात असं नाही, पण निदान बोट दाखवायला कायदा आहे. सोयाबीनचा त्याच हंगामाचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये. पण खरेदी केंद्रावर नंबर लागला नाही तर आडतीवर मिळेल त्या भावात माल घालायचा. यंदा अण्णांनी त्याच्या बऱ्याच खाली घातला. म्हणजे ज्या पिकाला पाणी जास्त लागतं त्याच्या दराला कायद्याचा आधार, आणि कमी पाण्याच्या पिकाला नुसती घोषणा. अशात ऊस लावणारा माणूस अडाणी किंवा लोभी नसतो. तो नीट हिशेब करत असतो.

पूर्वपक्ष दोन पानं झाला. माझ्या बाजूपेक्षा मोठा. लिहिताना भीती वाटत होती की आता माझं म्हणणंच उरणार नाही. उरलं, पण बदलून. 'बंदी घाला' हे मी खोडलं. आता दावा असा आहे की आधी सोयाबीन आणि तुरीची खरेदी हमीभावानं बंधनकारक करा, आणि मगच उसाच्या क्षेत्राला मर्यादा घाला. क्रम महत्त्वाचा. उलटा केला तर पहिला फटका आमच्यासारख्या घरांना बसतो.

आज संध्याकाळी अण्णांना पूर्वपक्ष फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, 'बराबर लिहिलंयस.' पुढचं वाचू का विचारलं, तर 'वाच की.' ऐकून झाल्यावर म्हणाले, 'आधी दर बांधून द्या, मग मी उद्या ऊस मोडतो.'

मग मी विचारलं, आपल्या बोअरला पाणी किती फुटांवर लागलं होतं? जुना, माझ्या लहानपणीचा, २८० फुटांवर. तो आटल्यावर घेतलेला नवा, ६४०. आकडे सांगितल्यावर अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. पलीकडे आई भाकरी थापत होती, तो आवाज येत होता.

'हे लिहू का निबंधात?' मी विचारलं.

'लिही. पण आपलं नाव नको घालू.'

शेवटच्या परिच्छेदात ते दोन आकडे टाकलेत, एकाखाली एक. मंगळवारी द्यायचाय.