पेशंटला काय झालंय, ते आम्हाला सांगत नाहीत

कॅनडातल्या उत्तर ऑन्टारिओत एअर ॲम्ब्युलन्सवर फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट म्हणून लागल्यापासून घरचे आणि मित्र विचारतात, ‘पेशंट कसे असतात गं?’ निघताना आम्हाला ते माहीतच नसतं, आणि तसं ते मुद्दाम ठेवलेलं असतं. फोनवर कुठून कुठे जायचं एवढंच कळतं. तिकडे लहान मूल आहे असं ऐकलं, तर ढग २०० फुटांवर असतानाही ‘जमेल, जाऊ या’ असं वाटायला लागतं. म्हणून हवामान, विमान आणि आपली झोप एवढंच बघून ठरवायचं. कॅप्टन आणि को-पायलट या दोघांपैकी एकानं ‘नको’ म्हटलं की विषय संपला. कालपरवा आलेल्या को-पायलटच्या ‘नको’लाही कॅप्टनइतकंच वजन असतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथल्या कित्येक गावांना बारमाही रस्ता नाही. कडक थंडीत तळी गोठली की त्यांच्यावरून ट्रक जातात, एरवी विमानच. धावपट्टी खडीची, जेमतेम हजार-अकराशे मीटरची. रात्री टॉवरवर कुणी नाही, दिवेही बंद. जवळ आलं की रेडिओचं बटण ५ सेकंदांत ७ वेळा दाबायचं, मग दिवे लागतात आणि साधारण १५ मिनिटं राहतात. भोवती नुसतं काळं जंगल. अशा वेळी आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होतो आणि विमान नकळत खाली जायला लागतं. म्हणून मी उंचीचे आकडे मोठ्यानं वाचत राहते.

पेशंट आत आला की पॅरामेडिक कधीकधी सांगतात, ‘केबिन समुद्रसपाटीला ठेवा.’ वर जाताना केबिनचा दाब कमी होतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर ते जिवावर बेतू शकतं. आमच्या किंग एअरमध्ये, म्हणजे दोन इंजिनांच्या छोट्या विमानात, आत जमिनीवरच्यासारखा दाब राखायचा तर १५,००० फुटांच्या आसपासच थांबावं लागतं. तिथे हवा दाट, इंधन जास्त जळतं, आणि पंखांवर बर्फ धरणारे ढगही अनेकदा त्याच उंचीवर. मग इंधन पुरेल का, पर्यायी विमानतळ कोणता, हे सगळं नव्यानं मांडून कॅप्टनसमोर ठेवायचं. माझ्या कामातला हा भाग मला सगळ्यात आवडतो.

स्ट्रेचर उतरवून तळावर परतलं की इंधन भरून घेणं, पंखांची कव्हरं चढवणं, इंजिनांचे हीटर लावणं हेही माझ्याकडेच. पुढचा फोन कधीही येऊ शकतो.