पायाचा अंगठा

दुपारचा दीड. फ्लाको माझ्या टेबलावर उताणा पडलेला, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात. एका हाताने मी त्याचं खांद्याचं हाड दाबून धरलं होतं, दुसऱ्या हाताने पंजा हळूहळू जमिनीकडे नेत होते. २०२४ च्या जुलैतला गुरुवार. हा दिवस माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मी अमेरिकेत बेसबॉलच्या एका ट्रिपल-ए संघाची ॲथलेटिक ट्रेनर आहे. सांगलीत फिजिओथेरपी केली, मास्टर्सला इकडे आले आणि पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, कोपरं चाचपता चाचपता इथलीच झाले. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा मायनर लीगच्या चार पायऱ्या, त्याखाली अगदी कोवळ्या पोरांच्या लीग. आमच्या वर फक्त मेजर लीग. मंगळवार ते रविवार सहा मॅच, सोमवारी सुट्टी, म्हणजे बहुतेकदा प्रवास. नातेवाईक विचारतात, "म्हणजे मसाज करतेस का?" मी हो म्हणून टाकते.

फ्लाको म्हणजे काटकुळा. खरं नाव लिहीत नाही. व्हेनेझुएलातल्या माराकायजवळचा पोरगा. सोळाव्या वर्षी एका क्लबने त्याला करारबद्ध केलं, तेव्हा व्हेनेझुएलातली उन्हाळी लीग नुकतीच, २०१५ च्या हंगामानंतर, बंद पडली होती. मग रवानगी थेट डॉमिनिकन रिपब्लिकला. तिथून पायरी पायरी करत नऊ वर्षं. मायनरमध्ये सात हंगाम भरले की खेळाडू मोकळा होतो, तसा तो मोकळा झाला आणि आमच्या क्लबने त्याला स्वस्तात उचलला. कराकसमधली अमेरिकन वकिलात २०१९ मध्ये बंद झाली होती. व्हिसासाठी कोलंबियातल्या बोगोटाला जावं लागायचं, म्हणून एकदा घरी गेलं की वेळेत परत येऊ याची खात्री नसायची. चार हिवाळे तो घरीच गेला नव्हता. हॉटेलच्या खोलीत विजेच्या तव्यावर आरेपा भाजायचा. मक्याचं पांढरं पीठ, कोमट पाणी, मीठ, तळहातावर थापून केलेली जाड भाकरीच ती. फोन मिठाच्या डबीला टेकवलेला, आणि पलीकडून आई सांगणार, पाणी जास्त झालंय.

चेंडू ताशी ९४ मैलांनी. त्याचं खरं अस्त्र चेंज-अप. हात त्याच वेगाने येतो, पण चेंडू बारा मैल सावकाश, आणि बॅट फिरून गेल्यावर पोचतो.

आता हाताबद्दल, कारण हे बाहेरच्यांना माहीत नसतं. क्रिकेटच्या बोलरला कोपर झटक्याने सरळ करून फेकता येत नाही, त्याची जाते ती पाठ आणि घोटा. पिचरचा पंजा आधी मागे असा लवतो की बघणाऱ्याला वाटावं हात तुटला, आणि मग खांदा सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपासच्या वेगाने आत फिरतो. माणसाच्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. लहानपणापासून फेकणाऱ्याच्या दंडाच्या हाडालाच पीळ राहतो. म्हणून त्याचा फेकायचा हात बाहेर जास्त वळतो आणि आत कमी. तो दोष नव्हे. दोन्ही हातांची आत-बाहेर वळण्याची बेरीज जवळपास सारखी हवी, आणि रोजच्यापेक्षा फरक पडला तर का पडला हे कळायला हवं. प्रत्येक पिचरचं ते रोजचं माप माझ्या वहीत असतं. कॉम्प्युटरमध्येही असतं, पण वहीवर माझा भरवसा जास्त.

मंगळवारी फ्लाकोने ९२ चेंडू टाकले होते. त्या गुरुवारी हात नेहमीपेक्षा बारा अंश कमी आत वळला. पिचिंगनंतर एक-दोन दिवस असं होतं. पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं, एरवी ५८ किलो दाखवतं, ते ५१ वर थांबलं. तेही होतं. कोपराच्या आतल्या हाडाखाली बोटभर अंतरावर स्नायू दुखरा. मग लिगामेंटची, म्हणजे सांधा बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची, चाचणी. कोपराखालचा हात बाहेरच्या बाजूला ढकलून सांधा उघडतोय का ते बघायचं. उघडला नाही. शेवटची हलती चाचणी, तोच ताण ठेवून हात वाकवायचा आणि सरळ करायचा. नव्वद अंशांच्या जवळ आले तशी मी स्पॅनिशमध्ये विचारलं, दुखतंय का, "दुएले?"

"नादा, डॉक. नादा." काही नाही.

चेहरा कोरा. पण मोज्यातला डाव्या पायाचा अंगठा आत वळला, जसा भाजलेल्या माणसाचा वळतो. पुन्हा केलं. पुन्हा वळला. तिसऱ्यांदा केलं तेव्हा वळला नाही. मी नक्की काय पाहिलं, मला कळेना.

साडेतीनला मेडिकल कोऑर्डिनेटरचा फोन. मोठ्या, म्हणजे आमच्या वरच्या मेजर लीग क्लबचा एक पिचर दुखावला होता, रविवारच्या मॅचला सुरुवातीपासून चेंडू टाकायला कोणीतरी हवा होता. "इज ही गुड?" हा गृहस्थ नेहमी एवढंच विचारतो. पिचरच्या चेंडूला किती फिरकी, हात कुठल्या उंचीवरून सुटतो, सगळं त्याला स्क्रीनवर दिसतं. हंगामात दोनदा येतो, पोरांची नावं चुकवतो आणि निघताना टोपी वाटतो.

मी म्हटलं, दहा मिनिटांत नोट टाकते.

फ्लाकोला कुठून कळलं माहीत नाही, क्लबहाउसमध्ये बातमी नळाच्या पाण्यासारखी पसरते. तो आला, दार लावलं, आणि अर्ध्या स्पॅनिशमध्ये, अर्ध्या इंग्रजीत म्हणाला, "डॉक, मोडायचाच असेल तर वर मोडू दे."

यात खुळेपणा नव्हता, हिशेब होता. २०२३ च्या करारानुसार ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर. मेजर लीगचा २०२४ मधला किमान ७,४०,००० डॉलर, दिवसाला चार हजारांच्या आसपास. इथे जायबंदी झालास तर इथल्या पगारावर बस. तिथे झालास तर मेजर लीगच्या जायबंदी यादीवर राहतोस, पगार तिथला, सेवेचे दिवसही तिथले. ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क. तीच दुखापत, तोच हात, फक्त कुठल्या मैदानावर 'आई गं' म्हणालात याला किंमत.

मी त्याला म्हटलं, ऑपरेशन झालं तर वर्ष-दीड वर्ष जाईल, आणि पंचविशीच्या पुढच्या पिचरची वाट कोणी बघत नाही. त्याने त्याच्याच देशाच्या पिचरचा, योहान सान्तानाचा, विषय काढला. २०१२ च्या १ जूनला, खांद्याचं ऑपरेशन होऊन परत आलेल्या सान्तानाने न्यूयॉर्क मेट्ससाठी १३४ चेंडू टाकून नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता अख्खी मॅच, पूर्ण केला. क्लबच्या पन्नास वर्षांतला पहिला. त्या ऑगस्टनंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. मला ही गोष्ट धोक्याची वाटते. फ्लाको म्हणाला, "त्यातला एक तरी चेंडू तो परत घेईल असं वाटतं तुला?"

मी नोट लिहिली. आत वळणं बारा अंशांनी कमी, पकड ५१, स्नायू दुखरा, लिगामेंटची चाचणी निगेटिव्ह, पिचिंगनंतर दोन दिवसांनी अपेक्षित. प्रत्येक शब्द खरा. अंगठा लिहिला नाही. अंगठा कुठल्या पुस्तकात आहे?

सातच्या मॅचआधी मॅनेजरने त्याला खोलीत बोलावलं. आमचा मॅनेजर ही बातमी सरळ कधी देत नाही. त्याने आधी फ्लाकोला बूट घाणेरडे आहेत म्हणून झापलं, मग म्हणाला, ते धुऊन घे, रविवारी टीव्हीवर दिसणार आहेत. फ्लाको रडला नाही. त्याने आईला फोन लावला आणि बोलायला शब्दच सुचेनात, तेव्हा फोन माझ्या हातात दिला. मला तेवढं स्पॅनिश येत नाही. मी नुसतं "सी, सेन्योरा, सी" म्हणत राहिले, पलीकडे त्या माउलीचे हुंदके आणि मागे कोंबडा.

रविवारी त्याने पाच इनिंग टाकल्या, दोनच रन दिले. आमच्या ट्रेनिंग रूममध्ये बर्फाच्या टबात बसून पोरं ओरडत होती. दुसरी मॅचही बरी गेली. तिसऱ्या मॅचला, चौथ्या इनिंगमध्ये, एक चेंज-अप जमिनीत गेला आणि त्याने हात झटकला. टीव्हीवर पाय दिसत नव्हते.

एमआरआयमध्ये लिगामेंट फाटलेलं निघालं. टॉमी जॉन या पिचरवर १९७४ मध्ये पहिल्यांदा झालं, तेच ऑपरेशन. सेवेचे दिवस ऐंशीच्या वर, करकपातीआधी तीन लाख डॉलरांपेक्षा जास्त. आईच्या घराला स्लॅब पडला, फोटो आला होता. नोव्हेंबरात क्लबने त्याला मेजर लीगसाठीच्या ४० जणांच्या यादीतून काढलं. पुढे वर्षभर तो फ्लोरिडात एका चुलत्याकडे राहून भिंतीवर चेंडू मारत होता. मला अधूनमधून व्हिडिओ पाठवायचा, नेहमी कमरेच्या वरचा.

मी त्या गुरुवारी अंगठा लिहिला असता तर एमआरआय आधी झाला असता. फाटलेलं तेव्हाच दिसलं असतं, की काहीच दिसलं नसतं? दोन मॅच त्याने चांगल्या टाकल्याच ना. मी त्याला मदत केली, की मला अवघड फोन टाळायचा होता? रात्री दोन वाजता दोन्ही उत्तरं खरी वाटतात.

आता मी नोटमध्ये 'इतर' या रकान्यात पायाबद्दल लिहिते. परवा एका डावखुऱ्या पोराबद्दल लिहिलं. वीस मिनिटांत कोऑर्डिनेटरचा फोन.

"अंगठा वळला म्हणजे? त्याच्या हाताचा अंगठा तर ठीक आहे ना?"

"पायाचा," मी म्हटलं.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "कितव्या चाचणीला?"