तिथी

गणपतीत लालबाग-परळच्या चाळी अर्ध्या रिकाम्या होतात. चाकरमानी कोकणात जातो, दाराला कुलूप लागतं. ज्यांना आता गावचा प्रवास झेपत नाही, अशी म्हातारी माणसं तेवढी मागे राहतात.

त्या वर्षी दशमीला सकाळी अशाच एका चाळीतून एकट्या राहणाऱ्या आजोबांना आमच्याकडे पोस्टमॉर्टेमला आणलं. शेजारी आदल्या रात्री गावाहून परतले, तेव्हा वास आला. मी तेव्हा न्यायवैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होते.

पंचनाम्यात होतं, मृत्यू अंदाजे दोन-तीन दिवसांपूर्वी. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी गौरीपूजनाच्या दिवशी त्यांना गॅलरीत पाहिल्याचं सांगितलं होतं. बाहेर बाकावर त्यांची मुलगी बसली होती. तिचं वडिलांशी शेवटचं बोलणं चतुर्थीला सकाळी दहाला झालं, "गणपती बसले का गं?" एवढंच. पंचमीला फोन नुसता वाजत राहिला, मग बंद झाला. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मॅडम, फोन वाजत होता तेव्हा बाबा तिथेच पडून होते का हो? उचलता येत नव्हता का त्यांना?"

आत मामांनी, म्हणजे आमच्या शवागारातल्या मदतनीसांनी, पाण्याचा पाइप हातात घेतलाच होता. आधी अळ्या धुऊन काढायच्या, मग कामाला लागायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. मामांना दोष देत नाही, आम्हा डॉक्टरांनाच त्या अळ्या म्हणजे घाण वाटायची. मी म्हटलं, "मामा, थांबा. आधी मला घेऊ द्या."

डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, तोंड. माशी अंडी घालते ती अशाच ओलसर जागी. मी सगळं अंग पालथं घालून तपासलं, कुठे जखम नाही, पाठीला बेडसोअर नाही. हे पाहावंच लागतं, कारण माशी जिवंत माणसाच्या जखमेतही अंडी घालते आणि मग अळीच्या वयावरून मृत्यूची वेळ काढायचा सगळा हिशोब चुकतो. इंटर्न असताना मी एका मधुमेही आजींच्या पायाच्या जखमेत टर्पेंटाइनचा बोळा ठेवून चिमट्याने एकेक अळी वेचली आहे. त्या शुद्धीवर होत्या, माझ्याशी बोलत होत्या. (दुसऱ्या एका जातीच्या निर्जंतुक अळ्या मुद्दाम जखमेत सोडून सडलेलं मांस साफ करतात. अमेरिकेत २००४ मध्ये त्याला मान्यताही मिळाली. पण ते उपचार, आणि आजींच्या पायात होतं ते दुर्लक्ष.)

निरनिराळ्या जागच्या अळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत घेतल्या. आधी कडकडीत गरम पाण्यात आणि मगच ८० टक्के अल्कोहोलमध्ये, कारण थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या काळ्या पडून आक्रसतात आणि लांबी मोजण्यात अर्थ उरत नाही. मोठ्यातली एक सूक्ष्मदर्शकाखाली धरली. शेपटाकडे दोन तपकिरी ठिपके, प्रत्येकात तीन तिरप्या फटी. पहिल्या अवस्थेत एक फट, दुसरीत दोन, तिसरीत तीन. म्हणजे ही शेवटच्या अवस्थेतली. पण ती अवस्था बरेच दिवस चालते, तेवढ्यावर दिवस सांगता येत नव्हता.

पोट भरलं की अळी प्रेत सोडते आणि कोरडी, अंधारी जागा शोधून कोष करते. सगळ्यात जुन्या अळ्या आमच्या टेबलावर नव्हत्याच, असल्या तर खोलीत होत्या. हवालदारांना म्हटलं, "दादा, एकदा परत जाऊन याल? चटईखाली, भिंतीच्या कडेला, पेटीमागे बघा. गव्हाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर घेऊन या. आणि पंखा चालू होता का, खिडकी उघडी होती का, तेही विचारा."

ते गेले, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. दीड तासाने खिशातून काडेपेटी काढून माझ्यासमोर ठेवली. आत सहा कोष. पाच तांबूस तपकिरी, एक अजून साईच्या रंगाचा, म्हणजे काही तासांपूर्वीच झालेला. संध्याकाळपर्यंत तोही माझ्या टेबलावर तांबूस झाला. खिडकी अर्धवट उघडी होती, पंखा बंद.

ही माशी मासळीबाजारात सगळ्यांनी पाहिलेली असते. निळसर-हिरवी, मोठ्या लाल डोळ्यांची, क्रायसोमिया मेगासेफाला. २७ अंश तापमानात तिला अंड्यापासून कोषापर्यंत यायला सुमारे ६ दिवस लागतात. भाद्रपदातली आमची हवा साधारण तेवढीच, एखाददोन अंश जास्त. दशमीतून ६ दिवस मागे गेलं की चतुर्थी येते. दोन-तीन दिवसांत कोष होणं शक्यच नव्हतं. गौरीपूजनाला गॅलरीत दिसले ते दुसरं कोणी असणार, किंवा दिवस चुकला असणार.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली. सर म्हणाले, जात पक्की झाल्याशिवाय लिहू नकोस. मग कोष एका बरणीत लाकडाच्या भुशावर ठेवले, तोंडाला मलमल बांधली, शेजारी थर्मामीटर.

अनंत चतुर्दशीला मी ड्यूटीवर होते. दुपारी बाहेर ढोल-ताशे सुरू होते, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बरणीत एका कोषाचं टोक टोपणासारखं उघडलं होतं आणि एक माशी मलमलीला उलटी लटकून बसली होती. अजून फिकट करडी, पंख चुरगळलेले. तासाभरात पंख सरळ झाले, अंगावर निळी-हिरवी चमक चढली. डोळे, डोकं, सगळं जुळलं. अंड्यापासून माशीपर्यंत या जातीला त्या तापमानात पावणेदहा दिवसांच्या आसपास लागतात, आणि चतुर्थी होऊन दहा दिवस झाले होते.

मुलीला फोन लावला. म्हटलं, "ताई, अगदी तास-मिनिट नाही सांगता येणार. पण चतुर्थीला सकाळी तुमच्याशी बोलले, त्यानंतर फार वेळ गेला नसावा. पंचमीला तुम्ही फोन लावलात, तेव्हा ते नव्हते."

पलीकडे बराच वेळ नुसते ढोल ऐकू येत होते.

मग तिने विचारलं, "भटजी विचारत होते, पक्ष कधी घालायचा. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला घाला म्हणाले. मग चतुर्थीच धरू ना?"

"धरा," मी म्हटलं.