तुम्ही विचारलंत म्हणून: वजन १७ किलोंनी वाढलं, मग बाळ दोन किलोचंच कसं?

माझा मुलगा आता शाळेत जातो, तरी हा प्रश्न काही सुटत नाही. त्याच्यामागून न चुकता दुसरा येतो, "नीट जेवत नव्हतीस का?" तर एकदाच सगळं लिहून टाकते.

जेवत होते. व्यवस्थित जेवत होते. सुरुवातीला माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२ होता, तेवढा असेल तर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीप्रमाणे साडेअकरा ते १६ किलो वाढायला हवेत, मी १७ वर गेले. पण हे वाढलेलं वजन असतं कशाचं? पूर्ण दिवसांचं बाळ साधारण सव्वातीन किलो, वार म्हणजे प्लेसेंटा अर्ध्या किलोच्या थोडी वर, गर्भजल पाऊण किलो, गर्भाशय किलोभर, रक्त वाढतं ते किलो-सव्वा किलो, बाकी चरबी आणि अंगात साठलेलं पाणी. यातलं नेमकं काय वाढलंय ते काटा सांगत नाही, आणि माझं शेवटी शेवटी जे भराभर वाढलं ते पाणी होतं.

त्या दिवशी तपासणीला सोबत आत्या होती. आठवड्यात दोन किलो वाढलेले बघून म्हणाली, छान, बाळ अंग धरतंय. सिस्टर काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर तिथे खड्डा तसाच. बीपी १५०/१००. लघवीत प्रोटीन. मग लगेच सोनोग्राफी, डॉक्टर बाळाच्या पोटाभोवती गोल काढतायत, पुसतायत, परत काढतायत, मी विचारतेय सगळं ठीक आहे ना, तर म्हणाल्या थांबा जरा. डोकं ३४ आठवड्यांचं, पोट ३१ चं. म्हणजे जे काही रक्त पोचत होतं ते बाळ आधी मेंदूला देत होतं आणि लिव्हरला उरलंसुरलं, म्हणून पोट मागे पडलेलं. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीतही, नाळेतला प्रवाह कमी दिसला. प्रीएक्लम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून लघवीत प्रोटीन जायला लागतं तो आजार. वारेतूनच पुरेसं जात नव्हतं, मी ताटात काहीही वाढून घेतलं असतं तरी. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, अजून थोडं खायला हवं होतंस गं. आत्यावरचा राग गेला, त्या वाक्यावरचा अजून गेलेला नाही.

३७ आठवडे पूर्ण होताच डिलिव्हरी केली. २ किलो ५० ग्रॅम.

त्यानंतर बराच काळ मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे की आईच्या वजनाचा आणि बाळाच्या वजनाचा काही संबंध नाही. आता तसं म्हणवत नाही, कारण संबंध आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली तेव्हा ज्यांचे शेवटचे तीन महिने त्यात गेले त्यांची बाळं सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास हलकी जन्मली. पण पोटभर खायला मिळणाऱ्यांचं काय? २०१० मध्ये लुडविग आणि करी या संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एकाच आईच्या वेगवेगळ्या गरोदरपणांची तुलना केली, म्हणजे आई तीच, फक्त वजनवाढ वेगळी. तर २४ किलोंहून जास्त वाढल्या त्यांची बाळं ८ ते १० किलो वाढलेल्यांपेक्षा सरासरी दीडशे ग्रॅमने जड. दीडशे! आणि जड म्हणजे चांगलंच असंही नाही, फार मोठ्या बाळाचे खांदे जन्मताना अडकू शकतात. बाळ किती आठवड्यांचं होऊन जन्मलं, आईचं बीपी, शुगर, सिगरेट, वार कशी काम करतेय, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

आणि तरी माझं मलाच पटवता येत नाही. बाराच किलो वाढले असते तर बीपी चढलं नसतं का? जास्त वजनवाढ आणि प्रीएक्लम्प्सिया एकत्र दिसतात हे खरं, पण त्यातलं कितीतरी वजन त्या आजाराच्या पाण्याचंच असतं, मग आधी काय आणि नंतर काय? माझ्या डॉक्टरांनीही याचं छातीठोक उत्तर दिलं नाही. दुसऱ्या वेळेसाठी त्यांनी बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन आणि घरी बीपी मोजायला सांगितलंय. जेवणाबद्दल वेगळं काहीच सांगितलेलं नाही.