खिडकी मालिका: चित्रं थांबली, मजकूर परत आला, आणि अखेर ओळ सापडली

खिडकी, पडदा आणि कुंडी यांची चित्रं असलेली माझी शुभेच्छापत्रांची खिडकी मालिका प्रकाशकाकडे पाठवली होती, तिचं उत्तर आलं. चित्रं सगळी ‘विचाराधीन’ म्हणून ठेवून घेतली आहेत आणि मजकूर सगळाच्या सगळा परत. सोबत संपादकांचा एकच प्रश्न: ‘हे कार्ड कोण कोणाला पाठवेल?’ या एका प्रश्नाने माझी झोप उडवली होती. काल रात्री तो सुटला, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

आधी चित्रांचं. विचाराधीन आहेत तोवर ती दुसऱ्या प्रकाशकाला दाखवता येत नाहीत, तेव्हा माझ्या तक्त्यात त्या ओळी आता पिवळ्या. फॉइलच्या, म्हणजे कार्डावर चमकता धातूचा मुलामा जिथे बसवायचा तो भाग दाखवणाऱ्या थराबद्दल एकही शंका आली नाही, याचा मला फार आनंद झालाय. मागच्या नोंदीत सांगितलं होतं तसा तो थर वेगळा, शंभर टक्के काळ्यात, व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी धारदार राहणाऱ्या रेषांत) दिला होता. पाच बाय सात इंचांचं कार्ड, चारी बाजूंनी इंचाचा आठवा भाग ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जास्तीची कड), ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १५७५ बाय २१७५ पिक्सेल. आकडे जागेवर असले की कलाविभाग चित्राकडे बघतो, फाइलकडे नाही.

आता मजकूर. ज्यांनी सुरुवात वाचली नसेल त्यांच्यासाठी एवढंच की हे कार्ड लांबलेल्या आजारपणासाठी आहे. ‘लवकर बरे व्हा’ ताप, मोडलेला हात, छोटी शस्त्रक्रिया यांना चालतं. ज्याचं डायलिसिस वर्षानुवर्षं चालणार आहे किंवा ज्याला एक केमो झाली की दुसरीची तारीख मिळते, त्याच्या हातात ते कार्ड ठेवणं मला क्रूर वाटतं. त्याला ‘लवकर’ नाही आणि ‘बरं’ही कदाचित नाही. अशा माणसाला पाठवायला कार्डंच फार कमी सापडतात, म्हणून तर ही मालिका काढली.

परत आलेल्या ओळी पुन्हा एकेक करून तपासल्या. ‘हेही दिवस जातील’ वाचून आजारी माणूस मनात विचारणार, कधी? ‘खंबीर राहा’ म्हणजे आधीच थकलेल्या माणसाला आणखी एक काम लावणं. ‘तुझी खुर्ची तुझी वाट बघतेय’ मला लिहिताना गोड वाटली होती, पण कामावर परत जाताच येणार नसेल तर ती रिकामी खुर्ची त्याच्या उशाशी नेऊन ठेवल्यासारखं होतं. ‘आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत’ ही त्यातल्या त्यात बरी. पण एकट्या मैत्रिणीने पाठवायचं असेल तर हे ‘सगळे’ कोण? संपादकांचा प्रश्न तिथेच बोट ठेवत होता.

आणि मग आपल्या सगळ्यांना छळणारी जुनी अडचण. मराठीत मजकूर लिहिणाऱ्याला क्रियापद सुखाने जगू देत नाही. ‘रोज तुझी आठवण काढतो’ लिहिलं की बायकांनी ते कार्ड ठेवून द्यायचं. ‘काढते’ लिहिलं की पुरुषांनी. ‘काढतो/काढते’ अशी तिरकी रेघ छापली की शुभेच्छापत्राचा सरकारी अर्ज होतो. पाठवणाऱ्याचं झालं, की घेणाऱ्याचं सुरू: बरा हो, बरी हो, बरे व्हा, बऱ्या व्हा. वर तू की तुम्ही हे आहेच. एकच भावना, पण प्रत्येक नात्याला वेगळी छपाई. प्रकाशक ते करणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

१८४३ साली हेन्री कोलने जॉन हॉर्सलीकडून जे पहिलं व्यापारी नाताळकार्ड काढून घेतलं, त्यात ‘प्रति’ आणि ‘कडून’ यांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. कोलला ढीगभर पत्रांना उत्तरं द्यायची होती, तेव्हा एकच छापील मजकूर प्रत्येकाला लागू पडायला हवा होता. आपला धंदा त्या दिवसापासून याच गरजेवर उभा आहे. पण नावाची जागा कोरी सोडता येते, मराठी क्रियापदाची शेपटी कोरी सोडता येत नाही.

म्हणून मी भावना बाजूला ठेवली आणि व्याकरण घेऊन बसले. पाठवणारा बाई की पुरुष हे उघड न करणारी वाक्यं कोणती, एवढंच शोधायचं. निघाली ती बरीच निघाली. भविष्यकाळ पूर्ण सुरक्षित: येईन, ऐकेन, लिहीन. ‘-णार’ त्याहून चांगला, कारण ‘येणार’ एकट्यालाही चालतो आणि घोळक्यालाही. ‘वाटतं’, ‘आवडतं’, ‘आठवतं’ ही मंडळी आपली मित्र, तिथे ‘मला’ येतो आणि क्रियापद दुसऱ्याच शब्दामागे जातं. भूतकाळात ‘मी पाहिलं’, ‘मी विचारलं’, ‘मी ठेवलं’ चालतं. मात्र सांभाळा: ‘म्हणालो’, ‘विसरलो’, ‘शिकलो’, ‘भेटलो’ इथे पाय घसरतो. ‘विसरलो नाही’ऐवजी ‘विसर पडला नाही’ लिहिलं की सुटका. ही यादी मी आता टेबलासमोर चिकटवली आहे आणि तुम्हीही करून ठेवा असं अगदी मनापासून सांगते. शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

यादी समोर ठेवून ‘-णार’शी खेळत होते. ‘येणार’, ‘बसणार’, ‘सांगणार’ करता करता ‘विचारणार नाही’ आलं, आणि त्याच्यामागून ओळ आली:

‘बरं वाटतंय का, असं आज विचारणार नाही.’

लांबलेल्या आजारात माणूस सगळ्यात कशाने दमतो, तर या प्रश्नाने. येणारा प्रत्येक जण तोच विचारतो आणि त्याला प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर बहुतेक वेळा समोरच्याचं समाधान करायला असतं. एक दिवस त्यातून सुट्टी, हीच भेट. ही झाली वरची ओळ. ही ओळ तपासून बघा: ‘मी’ धरा, ‘आम्ही’ धरा, बाई धरा, पुरुष धरा, चालते. घेणाऱ्याला तू म्हणा की तुम्ही, ओळीत तो शब्दच नाही.

आतल्या पानाने मात्र घाम काढला. पहिल्यांदा लिहिलं, ‘सांगावंसं वाटलं, तर ऐकेन. नाही वाटलं, तरी येईन.’ कानाला छान, लिंगाचा प्रश्न नाही. पण ‘ऐकेन’ एकट्याचं, ऑफिसच्या मंडळींनी सही केली तर ‘ऐकू’ हवं. आणि ‘येईन’ त्याहून वाईट, कारण कार्ड टपालाने पाठवणारा माणूस बहुधा येऊ शकत नाही म्हणूनच पाठवतो. येण्याचं वचन त्याच्या तोंडी घालणं बरोबर नाही. दोन्ही क्रियापदं काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी हे उरलं:

‘सांगावंसं वाटलं, तर सांगावं.
नाही वाटलं, तरी सोबत आहेच.’

‘सांगावं’ला कर्ता लागत नाही. आणि ‘सोबत आहेच’मध्ये सोबतच तिथे आहे, ती एकाची असो की दहांची. मग मोठ्याने वाचून पाहिलं: मुलगी आईला, वरिष्ठ सहकाऱ्याला, सबंध विभाग मिळून एकाला, परदेशातला भाऊ बहिणीला, चाळीस वर्षांपासूनचा मित्र मित्राला. कुठेही अडखळलं नाही. संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर आता दोन शब्दांत देता येतं: कोणीही, कोणालाही.

आता ओळ मिळाली म्हटल्यावर चित्राने तोंड वर काढलं. कार्डं रॅकमध्ये एकामागे एक उभी असतात, दिसतो तो फक्त वरचा तिसरा भाग, आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच हात पुढे करतं. मूळ मजकूर तीन शब्दांचा होता. ही ओळ दोन ओळींत मोडावी लागते: ‘बरं वाटतंय का,’ वर आणि ‘असं आज विचारणार नाही’ खाली. त्यातही देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, म्हणजे दोन ओळींत चांगलं अंतर सोडावं लागतं. पडदा नेमका त्या जागेत आलाय. पडदा, चौकट आणि कुंडी वेगवेगळ्या कागदांवर रंगवून वेगवेगळी स्कॅन केली आहेत, म्हणून पडदा डावीकडे सरकवणं सोपं आहे. पूर्ण चित्र एकाच कागदावर रंगवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, सुटे घटक रंगवा. कलाविभाग ‘कुंडी जरा खाली घ्या’ म्हणतो तेव्हा त्याची किंमत कळते.

स्कॅनर सीसीडी जातीचा घ्यावा की सीआयएस जातीचा, यावरून मागे वाद झाला होता. मी सीसीडीवाल्याच्याच बाजूने आहे. जलरंगाचा कागद थोडा फुगतोच, सीआयएस स्कॅनरवर काचेपासून सुटलेला भाग धूसर येतो. कागद हॉट-प्रेस, म्हणजे गुळगुळीत घ्या, नाहीतर ६०० डीपीआयला प्रत्येक खड्ड्याची सावली राखाडी ठिपका होऊन बसते. आणि ऑपेरा रोझ हा भडक गुलाबी रंग फुलांत वापरू नका. मूळ चित्रात तो पेटल्यासारखा दिसतो, सीएमवायकेमध्ये, म्हणजे चार शाईंच्या छपाईत, विझतो, कारण त्याची झळाळी फ्लुओरेसंट रंगातून येते आणि चार शाईंत ती बसत नाही.

अक्षरं फॉइलमध्ये घ्यायचा बेत होता, तो सोडला. इतक्या अक्षरांना फॉइल म्हणजे ‘व’, ‘च’, ‘ब’ यांची पोटं भरण्याचा धोका, आणि अनुस्वाराचं टिंब सुटलं तर ‘बरं’चं ‘बर’ होईल. फॉइल फक्त चौकटीच्या कडेवर पडलेल्या उन्हाला. अक्षरं साध्या गडद शाईत, ब्रशने लिहिलेली.

कराराचं थोडक्यात. मजकुराला बहुतेक प्रकाशक एकरकमी पैसे देतात आणि चित्राला रॉयल्टी किंवा एकरकमी. माझं मत ठाम आहे: चित्राचे सर्व हक्क द्यायचे नाहीत. फक्त शुभेच्छापत्रांपुरते, ठरावीक वर्षांपुरते. त्यातून मग तीच कुंडी वहीवर, दिनदर्शिकेवर पुन्हा कमावते. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की दुकानदाराकडून प्रकाशकाला मिळणाऱ्या रकमेवर, हेही सहीआधी विचारा. आणि चित्र व मजकूर यांना वेगळे क्रमांक द्या. माझा मजकूर एकटा परत येऊ शकला, चित्रं तिथेच राहिली, ते या क्रमांकांमुळेच.

पुढचा बेत वाढदिवसाच्या चारोळ्यांचा होता. तो पुढे ढकलतेय. हे लिहिता लिहिताच सुचलं की ‘आईसाठी’, ‘ताईसाठी’ अशी जी कार्डं नातं सांगून विकली जातात, त्यांत घेणाऱ्याचं लिंग ठरलेलंच असतं. तिथे ‘दमली असशील’ बिनधास्त लिहिता येईल, फक्त पाठवणारा मोकळा ठेवायचा. म्हणजे याच खिडक्यांवर दोन थर: एक कोणालाही चालणारा आणि एक नात्याचा. सणाचं काहीही आता पाठवून उपयोग नाही, प्रकाशक ते वर्षभर आधी निवडतात, तेव्हा वेळ यालाच देते.

सांत्वनाच्या कार्डालाही हीच पद्धत लावून पाहिली. ‘बोलायलाच हवं, असं नाही.’ एवढीच ओळ, आतलं पान कोरं. मजकुराच्या नव्या पानात ती शेवटी घालून उद्या पाठवते. पडदा सरकवलेल्या चित्राचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं की रंगांसकट पुढची नोंद.