अंदमानचं छोटं घुबड: चिडिया टापूची एक रात्र

अंदमानला जाणारे बहुतेकजण सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील एवढं करून परततात. पक्षी बघणाऱ्यांनी मात्र एक संध्याकाळ चिडिया टापूसाठी राखून ठेवाच. पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) दक्षिणेला हे साधारण २५ किलोमीटरवर आहे. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. तेव्हा तिथे पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, म्हणून दुपारी लवकरच निघालो. सूर्यास्त बघायला आलेली गर्दी पांगली की रस्ता आपलाच.

आम्हाला बघायचं होतं ते छोटं घुबड, अंदमान स्कॉप्स आऊल, जगात फक्त याच बेटांवर सापडतं. पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाईन बॉल यांच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नामकरण केलं. जेमतेम १९ सेंटिमीटरचं, म्हणजे आपल्याकडच्या पिंगळ्याहूनही किंचित लहान. ते तपकिरी आणि तांबूस अशा दोन रंगांत दिसतं, त्यामुळे निव्वळ रंगावर विसंबू नका.

अंधार पडताच रातव्याची (हा एक निशाचर पक्षी) ‘चुक-चुक’ सुरू झाली. पाठोपाठ हॉक आऊल हे दुसरं घुबड ओरडलं. ते मोठं असतं, कानांसारखी दिसणारी पिसांची शिंगं नसलेलं. आम्हाला हवा होता तो आवाज बऱ्याच वेळाने आला: एक छोटा हुंकार, मग घुमल्यासारखं ‘कुर्रू’. गाईडने हातानेच थांबायची खूण केली. टॉर्चचा उजेड आधी खाली, मग हळूहळू वर. वेलींच्या गुंत्यात तांबूस घुबड बसलेलं! पिवळे डोळे, उभारलेली शिंगं आणि छातीवर ठळक रेघांऐवजी बारीक ठिपक्यांची नक्षी. ही नक्षी नीट बघून घ्या, कारण याच बेटांवर ओरिएंटल स्कॉप्स हे याच्यासारखंच दुसरं घुबडही आहे आणि त्याच्या छातीवर काळ्या रेघा उठून दिसतात. घुबडाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आम्ही उजेड बाजूला केला.

मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवू नका, ही कळकळीची विनंती. दुसरा नर हद्दीत घुसला असं समजून ते शिकार सोडून धावत येतं. फेब्रुवारी ते एप्रिल विणीचा काळ, तेव्हा तर अजिबात नको. रोज नवा गट त्याच वळणावर उभा राहतो, याचाही विचार करा. अर्धा-पाऊण तास गप्प उभं राहायची तयारी असेल तर ते स्वतःहून बोलतं.

परतीसाठी गाडी थांबवूनच ठेवा, थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम हवंच. अंधारात खाडीच्या, खारफुटीच्या काठाला जाऊ नका, तिथे मगरी असतात. रस्त्यावरूनच घुबड दिसतं, रानात शिरायची गरज नाही. आणि ही संध्याकाळ सहलीच्या सुरुवातीलाच ठेवा: पाऊस आला तर दुसरी संधी हाताशी राहते.